आमचे नसलेले यंत्र

‘अंकासाठी काहीतरी लिही’ असे संपादकांनी फर्मावले तेव्हा मी नेहमीची ढाल पुढे केली. म्हटले, आम्ही इलेक्ट्रॉनिक्सची मुले, आम्हाला सर्किट काढता येते, लेख नाही. त्यावर ते म्हणाले, “मग गेल्या पावसाळ्यात रोज रात्री आठपर्यंत लॅबमध्ये बसून काय करीत होतास तेच लिही.” हाच प्रश्न त्या दिवसांत आईनेही विचारला होता. “यंत्र नाही, तर यंत्रावर काम कसलं करतोस?” असा तिचा बिनतोड सवाल होता. तिला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज येथे देतो. त्यात थोडी कबुलीही आहे. वाचकांनी ती सांभाळून घ्यावी.

गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही चौघांनी गट केला. दोघे हॉस्टेलचे, मी शहापूरचा आणि चौथा गोकाककडचा. या चौथ्याचे सारे शिक्षण कन्नडमधून झालेले. माझे मराठीतून. आमच्या दोघांचे बोलणे म्हणजे अर्धे त्याचे मराठी, अर्धे माझे कन्नड आणि अडेल तिथे इंग्रजी. प्रकल्पाची कल्पना त्याचीच. त्यांच्या शेतात विहिरीवर मोटर आहे. थ्री फेज वीज येते ती पुष्कळदा रात्री. त्याचे वडील झोपेतून उठून, कंदिलाऐवजी आता मोबाईलचा उजेड घेऊन, विहिरीत पाणी किती आहे ते वाकून पाहतात आणि मग मोटर सुरू करतात. पाणी नसताना मोटर फिरली तर ती जळते, आणि पावसात विहिरीच्या काठाशी पाय घसरला तर काय होईल ते सांगायला नको. तेव्हा पाण्याची पातळी मोजून ती घरात कळवणारे एक लहानसे यंत्र करायचे, असे ठरले.

त्यासाठी एआरएम जातीचा प्रोसेसर असलेला, पोस्टकार्डाहूनही लहान असा एक बोर्ड आम्ही वर्गणी काढून घेतला. त्याच्यावर लिनक्स चालते. आमच्या मोबाईलमध्ये असतो त्याच घराण्यातला हा प्रोसेसर. गोकाकच्या मित्राची वर्गणी सर्वांत मोठी, कारण प्रकल्प त्याच्या घरी जायचा होता. ते पैसे त्याच्या वडिलांनी उसाच्या बिलातून दिले होते.

बोर्ड आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तो जाळला.

पाच व्होल्टचा बोर्ड. टेबलावर दोन ॲडॅप्टर पडलेले, एक पाचाचा आणि दुसरा कॅमेऱ्याचा, बारा व्होल्टचा. दोघांची पिन अगदी एकसारखी. लॅबमध्ये तेव्हा मी एकटाच होतो. घाईत हाताला लागला तो लावला. धूर म्हणावा असा धूरही आला नाही. एक बारीक वास आला आणि दिवा विझला. मी ॲडॅप्टर काढून खणात ठेवला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सर्वांबरोबर मीही बोर्डभोवती उभा राहून ‘काय झाले असेल’ याचा विचार केला! आदल्या दुपारी गोकाकच्या मित्राने त्यावर दोन वायरी डाखल्या होत्या. तो म्हणाला, “माझ्या हातूनच शॉर्ट झालं असणार.” मी गप्प राहिलो. येथून पुढचे सारे या गप्प राहण्यावर उभे आहे, म्हणून आधी सांगितले.

नवा बोर्ड लगेच घेण्याची कुणाची ऐपत नव्हती. आम्ही तोंडे पाडून सरांकडे गेलो. सर हसले. म्हणाले, “बोर्ड नाही म्हणून थांबायचं कशाला? १९७५ साली बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांच्याकडे तरी अल्टेअर कुठे होता? ॲलनने हार्वर्डच्या मोठ्या संगणकावर त्या चिपची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला, त्यावर त्यांनी बेसिक तयार केलं आणि खऱ्या यंत्रावर ते पहिल्यांदा चाललं ते थेट गिऱ्हाइकासमोर! आणि तुमचा हा एआरएम. १९८५ साली त्याची पहिली चिप हातात येण्याआधी सोफी विल्सन यांनी तो प्रोसेसर बीबीसी बेसिकमध्ये लिहून चालवून पाहिला होता. तुम्ही क्यूईएमयू वापरा.”

हे क्यूईएमयू म्हणजे फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने २००३ साली लोकांपुढे ठेवलेले, आणि आज जगभरचे लोक मिळून सांभाळीत असलेले सॉफ्टवेअर. ते फुकट मिळते. त्याचे काम एकच, एका जातीच्या संगणकाच्या पोटात दुसऱ्या जातीचा संगणक उभा करायचा. अशा प्रोग्रामला एमुलेटर म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, कार्ड, सीरियल पोर्ट, सगळे तेथे असते आणि हाताला काहीच लागत नाही.

आता लॅबमधील संगणकांवर विंडोज. म्हणून आधी त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकून एक लिनक्सचा संगणक उभा केला. त्या लिनक्समध्ये बिल्डरूट चालवायचे आणि त्यातून निघालेला माल क्यूईएमयूमधल्या एआरएमवर चढवायचा. म्हणजे खाली विंडोज, त्यावर लिनक्स, त्यावर पुन्हा वेगळ्या जातीचे लिनक्स. शहापुरातल्या जुन्या घरांवर माडीवर माडी चढवतात तसला प्रकार. आणि पाया किती पेलतो याचा हिशेब न करता माडी चढवली की काय होते, ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळले.

बिल्डरूटविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. लहान यंत्रावर बसून त्याच्यासाठीचे लिनक्स तयार करणे म्हणजे पाटावर बसून पाट करण्यासारखे. यंत्राला तेवढी ताकद नसते. म्हणून मोठ्या संगणकावर बसून लहान यंत्राच्या भाषेत सारे तयार करायचे. याला क्रॉस कंपाइल करणे म्हणतात. बिल्डरूट आधी तसा कंपायलर तयार करते, मग कर्नल, मग बिझीबॉक्स नावाची एक आटोपशीर अवजारांची पेटी, आणि शेवटी हे सगळे एका फाइलच्या रूपातल्या कार्डात भरून देते. कंपायलरपासून सुरुवात असल्याने पहिल्या खेपेला तास तास जातात.

मी कंजूषपणा करून व्हर्च्युअलबॉक्समधल्या लिनक्सला एक कोअर आणि एक जीबी मेमरी दिली होती. दीड तास गाडी चालली आणि मग ‘किल्ड’ एवढाच शब्द पडद्यावर आला. कुणी मारले, का मारले, पत्ता नाही. पुष्कळ शोधल्यावर कळले की मेमरी संपली की लिनक्स स्वतःच सर्वांत जास्त खाणाऱ्या प्रोग्रामचा बळी देते, आणि कंपायलरइतके खाणारे त्या घरात दुसरे कोणी नव्हते. मेमरी चार जीबी केली, दोन कोअर दिले. मग दुसरी चूक. जागा वाचावी म्हणून सारे काम विंडोजशी सामाईक असलेल्या फोल्डरमध्ये ठेवले. लिनक्सला एका फाइलकडून दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या सिम्बॉलिक लिंक लागतात, आणि त्या सामाईक फोल्डरमध्ये त्या काही केल्या होईनात. सगळे उचलून लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर नेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बिल्ड पूर्ण झाला तेव्हा आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. पैसे मी दिले. का दिले ते मलाच ठाऊक.

यानंतर क्यूईएमयूची पाळी. आमचा नेमका बोर्ड त्याच्या यादीत नव्हता. आणि बोर्डाचे नाव न देता त्याला एआरएम सुरू करायला सांगितले, तर ते म्हणते की यंत्र सांगितलेले नाही आणि ठरलेले असे कोणतेच नाही. नेहमीच्या पीसीचे तसे नसते. सगळे पीसी साधारण एकाच साच्यातले, म्हणून तेथे काही न सांगता चालते. एआरएमच्या दुनियेत मात्र प्रत्येक बोर्डाची मांडणी निराळी. नुसते ‘पाटील’ म्हणून चालत नाही, कुठले पाटील ते सांगावे लागते. आम्ही ‘व्हर्सटाइल एक्स्प्रेस ए-९’ हे नाव निवडले, कारण त्याची तयार बांधणी बिल्डरूटमध्ये मिळते.

पुढे नकारांची रांगच लागली. हात सैल सोडून मी दोन जीबी मेमरी दिली, तर या यंत्राला एक जीबीपेक्षा जास्त पेलत नाही असे उत्तर. २५६ एमबीवर आलो. मग कार्डाची तक्रार. आमची फाइल होती ६० एमबीची, आणि एसडी कार्डाचे माप दोनाच्या पटीत वाढत गेलेले, म्हणजे ३२, ६४, १२८ असेच हवे. ६४ केले. आता वेग वाढवावा म्हणून मी सेटिंगमध्ये प्रोसेसरची ती प्रसिद्ध व्हर्च्युअलायझेशनची कळ शोधू लागलो. सर म्हणाले, “उपयोग नाही. ती मदत पाहुणा आणि यजमान एकाच जातीचे असतील तरच. इथं घरधनी इंटेल आणि पाहुणा एआरएम. प्रत्येक वाक्याचं भाषांतरच करावं लागणार.”

हे भाषांतर प्रकरण मला फार आवडले. आमच्या शेजारच्या काकू रत्नागिरीहून लग्न होऊन बेळगावात आल्या तेव्हा त्यांना कन्नडचा गंधही नव्हता. गणपत गल्लीत भाजीवालीशी बोलताना प्रत्येक शब्द त्या माझ्या आईला विचारीत. पण ‘किती’, ‘कमी कर’, ‘ताजी आहे का’ ही वाक्ये एकदा विचारून झाल्यावर त्या लक्षात ठेवीत आणि दुसऱ्या खेपेला आईकडे न पाहताच बोलत. क्यूईएमयू नेमके हेच करते. एआरएमच्या सूचनांचा एक तुकडा, पुढची उडी येईपर्यंतचा, ते इंटेलच्या भाषेत उतरवते आणि जपून ठेवते. तोच तुकडा पुन्हा आला की नवे भाषांतर नाही, ठेवलेलेच काढायचे. प्रोग्रामची बहुतेक कामे तीच ती असतात, म्हणून गाडी बरी चालते. तरीही खऱ्या यंत्राचा वेग आणि या भाषांतराचा वेग यांचा मेळ धरू नये, हेही सरांनी बजावले.

सारे नकार संपले. मेमरी बरोबर, कार्ड बरोबर, कर्नल बरोबर. एंटर दाबले. पडद्यावर काहीच नाही. चूक दाखवणारी ओळ नाही की सुरू झाल्याची खूण नाही. पाच मिनिटे वाट पाहावी, बंद करावे, पुन्हा सुरू करावे. बंद कसे करायचे हेही आधी ठाऊक नव्हते. नेहमीची कंट्रोल-सी ते ऐकत नाही, कंट्रोल-ए दाबून मग एक्स दाबावे लागते. दोन दिवस हेच. हॉस्टेलवाले दोघे कंटाळून निघून गेले. शेवटी एका संध्याकाळी ते तसेच सुरू ठेवून आम्हीही लॅबबाहेर पडलो.

सकाळी गोकाकचा मित्र माझ्या आधी येऊन बसला होता. “काय करूलालास?” म्हणून विचारले, तर म्हणाला, “ते कार्ड उघडून बघूया की.” एमुलेटर बंद करून त्याने कार्डाची फाइल आमच्या लिनक्सला जोडली आणि आतला कप्पा उघडला. आमचा पातळी मोजणारा प्रोग्राम यंत्र सुरू होताच चालावा अशी व्यवस्था केलेली होती. एमुलेटरमध्ये विहीर कुठली, म्हणून मित्रानेच खोटे आकडे पुरवणारी एक लहान फाइल जोडली होती. प्रोग्रामने दर मिनिटाला एक नोंद लिहायची. आत साडेसातशेच्या वर ओळी होत्या! पहिल्या ओळीवरची वेळ दुपारी २ वाजून ४० मिनिटे. आम्ही सुरू केले होते रात्री ८ वाजून १० मिनिटांनी. आम्ही आधी चक्रावलो, मग उमगले की यंत्र ग्रिनिचच्या घड्याळावर होते, आपल्याहून साडेपाच तास मागे. हिशेब चोख होता. ते रात्रभर काम करीत होते. फक्त बोलत नव्हते.

कारण फारच क्षुल्लक निघाले. कर्नलला सुरू होताना सांगावे लागते की तुझे बोलणे कोणत्या दाराने बाहेर सोड. मी पीसीच्या एका जुन्या उदाहरणातून ती ओळ उतरवून घेतली होती. त्यात दाराचे नाव होते ‘टीटीवाय एस-शून्य’. या यंत्राच्या सीरियल पोर्टचे नाव ‘टीटीवाय एएमए-शून्य’. पहिल्या नावाचे दार त्या घरात नव्हतेच. त्याने प्रत्येक गोष्ट मुकाट्याने केली, आणि आम्ही दोन दिवस ते मेले म्हणून त्याला उचलून टाकीत होतो. अक्षरे बदलली आणि पडद्यावर ओळींचा पाऊस सुरू झाला.

मित्राला इतका आनंद झाला की तो उठून उभाच राहिला. म्हणाला, “बघ, बोर्ड जाळला मी, तरी प्रोजेक्ट वाचला. अप्पांना आज फोन करतो.” मी विचारले, “अप्पांना काय सांगितलंयस?” तो म्हणाला, “खरं तेच. माझ्या हातून बोर्ड जळला म्हणून. चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.”

वाचकहो, आतापर्यंतचे सारे लिहिणे सोपे होते. मी त्याला खणातला बारा व्होल्टचा ॲडॅप्टर काढून दाखवला आणि काय झाले ते सांगितले. माझी अपेक्षा होती की तो ‘होगली बिडु’ म्हणेल. आमच्याकडे कन्नड येवो न येवो, जाऊ दे म्हणणारा हा शब्द सर्वांना येतो. तो तसे म्हणाला नाही. त्याने दोन गोष्टी विचारल्या. “किती दिवस झाले?” आणि “मी तुझ्यासमोर माझं नाव घेतलं तेव्हा तू कुठं बघत होतास?” पहिल्याचे उत्तर सतरा दिवस. दुसऱ्याचे उत्तर मी दिले नाही, कारण मला आठवत होते. मी बोर्डाकडे पाहत होतो. तो वही घेऊन निघून गेला.

पुढचे चार दिवस तो लॅबमध्ये आला नाही. मी एकटाच बसून नेटवर्क लावीत होतो. एमुलेटरमधले यंत्र बाहेर पाहते तेव्हा त्याला यजमानाचा पत्ता १०.०.२.२ असा दिसतो आणि स्वतःचा १०.०.२.१५. बाहेरून मात्र त्याच्याकडे जाता येत नाही. त्यासाठी एक पोर्ट मुद्दाम उघडून द्यावे लागते. मी ते उघडून ठेवले. त्याच संध्याकाळी मी बाबांना सगळे सांगितले. बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. ते फारसे बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “साचा बिघडला की आमच्यात आधी सांगावं लागतं. ओतल्यावर सांगून उपयोग नाही.” पैसे मात्र त्यांनी दिले नाहीत. मी दोन मुलांच्या गणिताच्या शिकवण्या धरल्या आणि मित्राच्या वाट्याची रक्कम तीन महिन्यांत फेडली. गोकाकला त्याच्या अप्पांना फोनही केला. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी सारे सांगितले. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, “ऊटा आयता?” म्हणजे, जेवण झाले का?

पाचव्या दिवशी मित्र आला. सुरू करण्याची सगळी ओळ त्याने घरी वहीवर पहिल्यापासून लिहून आणली होती. माझ्या ओळीवर आता त्याचा विश्वास नव्हता आणि ते योग्यच होते. ती चालवली तर कर्नल ‘रूट सापडत नाही’ म्हणून घाबरून थांबले. मी पाहिले आणि म्हटले, “रूटवेट राहिलं.” कार्ड ओळखायला यंत्राला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ थांब, असे कर्नलला त्या शब्दाने सांगावे लागते, नाहीतर दार उघडायच्या आत ते हार मानते. त्याने काही न बोलता तो शब्द लिहिला. यंत्र सुरू झाले. तो त्या दिवशी माझ्याशी एवढेच बोलला, “पुढचं सांग.”

डिसेंबरात नवा बोर्ड आला. एमुलेटरवर तयार केलेला प्रोग्राम त्यावर जसाच्या तसा चालला. कर्नल मात्र त्या बोर्डासाठी नव्याने बांधावे लागले, आणि पातळी मोजणारा भाग जवळजवळ पुन्हा लिहावा लागला. आमच्या खोट्या विहिरीतले पाणी शहाण्यासारखे एकेक इंच उतरत असे. खऱ्या विहिरीतले हिंदकळते, सेन्सरवर बुरशी धरते, वायरीत कावळे चोच घालतात. एमुलेटरमध्ये हे काही नसते. तेथे बोर्ड जळतही नाही. बारा व्होल्ट लावायची सोयच नाही. चुकले तर फाइल पुसून पुन्हा करायची. म्हणून शिकायला त्यासारखी जागा नाही, आणि म्हणूनच सगळे तेथेच शिकता येते असेही नाही.

यंत्र आता गोकाककडे विहिरीजवळच्या खोलीत आहे. पहिल्यांदा पॉवर जोडताना मित्राने ॲडॅप्टर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “वाच.” मी मोठ्याने वाचले, “पाच व्होल्ट.” मग त्याने जोडला.

आईला आता एवढे सांगता येईल की यंत्र नसतानाही यंत्रावर काम होते. माझ्या सतरा दिवसांविषयी मित्राला काय वाटले, ते त्यालाच विचारले पाहिजे. त्यानेही या अंकात लिहिले आहे. पाने उलटून कन्नड विभागात पाहावे. काय लिहिले आहे ते त्याने मला सांगितलेले नाही, आणि मीही अंक हाती येईपर्यंत विचारणार नाही.

(शेवटचे वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)